दुकानात ठेवलेला निरोप

माझं अक्षर चांगलं आहे. हे फुशारकीनं सांगत नाही, कारण या अक्षरानंच मला गोत्यात आणलं. कागलच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. वकील होऊन कोल्हापूरच्या कोर्टात आले तेव्हा दोन-तीन वर्षांतच आमच्या वकील संघटनेनं, म्हणजे बारनं, तेच काम पुन्हा माझ्या गळ्यात घातलं. बाररूमच्या दाराशी एक काळा फळा होता. कुणी सदस्य वारला की त्यावर बातमी लिहायची आणि खाली ठरलेली ओळ : 'आज वकील मंडळी कामकाजापासून अलिप्त राहतील.' त्या दिवशी कुणीही वकील कोर्टापुढं उभा राहायचा नाही. गेलेल्या माणसाला आमचा तो शेवटचा नमस्कार. फळा लिहायची मी, सभांचं इतिवृत्त लिहायची मी. पुढं मला सहसचिव केलं ते काही माझं कायद्याचं ज्ञान बघून नव्हे.

बारबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. घरात माझ्याआधी कुणी वकील नव्हता. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, त्यांना वकील म्हणजे सिनेमातला माहीत. पहिल्यांदा कोर्टापुढं जायची वेळ आली तेव्हा गळ्यातला पांढरा बँड मी एसटीत विसरून आले होते. रडायच्या बेतात दाराशी उभी होते, तर एका म्हाताऱ्या वकिलांनी स्वतःच्या गळ्यातला बँड काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जा अव्वा, मला काय आज कुणी विचारत नाही." ते जयसिंगपूरचे. व्यापारी घरातले, कपाळाला भस्म, घरी निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. अव्वा म्हणजे आई, पण लेकीलाही लाडानं म्हणतात. सगळा बार त्यांना अण्णा म्हणायचा.

बाररूममध्ये मधोमध एक लांबलचक टेबल होतं, वर जाड काच. त्या काचेखाली चिठ्ठ्या सरकवायची पद्धत होती. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, कुणाची एसटी चुकली, की तो कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवायचा : अमुक कोर्ट, अमुक दावा, तारीख घ्यावी. रिकामा असलेला वकील ती चिठ्ठी उचलायचा आणि जाऊन उभा राहायचा. कुणाची आहे, आपल्या गटाचा की विरुद्ध गटाचा, हे कुणी बघायचं नाही. एरवी निवडणुकीत एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं चिठ्ठी उचलताना मात्र सोयरी व्हायची. माझी मुलगी झाली तेव्हा चार महिने माझ्या चिठ्ठ्या त्या काचेखाली जात होत्या. परत आले तर एकही दावा माझ्या गैरहजेरीमुळं बुडालेला नव्हता. कोण कोण उभं राहिलं ते मला आजही पुरतं माहीत नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकल्यावर बारला नावं ठेवाल. ठेवायची ती मला ठेवा.

नव्वदीच्या मध्यावरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. चंदगडकडचा एक पक्षकार माझ्याकडं होता. काजू सोलायच्या शेडमध्ये मुकादम. आवाज मोठा, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनात काही नाही. त्याच्या निपुत्रिक मावशीचं कोल्हापुरात दोन खोल्यांचं घर होतं. शेवटची पाच वर्षं त्यानं तिचं सगळं केलं होतं, आणि तिनं मृत्युपत्र करून घर त्याच्या नावावर ठेवलं. ती गेल्यावर तिचे पुतणे उठले आणि मृत्युपत्र खोटं म्हणू लागले. त्याला ते घर विकायचं नव्हतं, भाड्यानंही द्यायचं नव्हतं. त्याची मुलगी आठवीत होती. दहावी झाली की तिला त्या घरात ठेवून कोल्हापुरात शिकवायचं, नर्स करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. प्रत्येक तारखेला मला तेच सांगायचा, जणू निकाल मीच देणार होते.

मृत्युपत्र शाबीत करायला त्यावर सही करणारा एक तरी साक्षीदार कोर्टापुढं यावा लागतो. दोघांपैकी एक वारला होता. दुसरे एक निवृत्त मास्तर. मावशीचे जुने शेजारी, आता मुलाकडं पक्षकाराच्याच गावात येऊन राहिलेले. ऐंशीच्या घरातले, दम्याचे. त्याआधी दोनदा ते येऊन परत गेले होते. एकदा न्यायाधीश रजेवर होते आणि एकदा आम्हीच अलिप्त होतो. तिसऱ्या वेळी मी पक्षकाराला शब्द दिला की काही झालं तर आदल्या दिवशी फोन करीन. त्याच्या घरी फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानाचा नंबर त्यानं लिहून दिला. दुकानदार त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, निरोप दिला की पाच मिनिटांत घरी पोचता करणारा.

तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला बातमी आली की आमचे एक फार ज्येष्ठ वकील गेले. सचिव म्हणाले, उद्या अलिप्त, फळा आत्ताच लिहून ठेवा. मी खडू घेतला आणि मन लावून लिहिलं. 'अलिप्त'मधला जोडाक्षराचा फाटा मला नीट आला नाही म्हणून पुसून परत काढला. हे माझ्या लक्षात आहे. लिहितानाच मला तो पक्षकारही आठवला होता, हेसुद्धा लक्षात आहे.

कोर्टाच्या फाटकाशी एसटीडी बूथ होतं. चार माणसं रांगेत. बाहेर पाऊस, घरी मुलगी दोन वर्षांची, आणि सासूबाईंचं तोंड संध्याकाळी साडेसहानंतर वाकडं व्हायला लागायचं. म्हटलं, घराजवळच्या बूथवरून करू. घराजवळच्या बूथपाशी आले तेव्हा मुलगी दारातच दिसली, तशी थेट घरात शिरले. पोळ्या लाटताना फोन आठवला. मग मी स्वतःलाच समजावलं की चंदगडला एवढ्या पावसात तारा कुठल्या चालू असणार, लाइन बंदच असेल. वकील आहे ना मी. स्वतःची बाजू मांडायला मला साक्षीदार लागत नाही. मी फोन केला नाही. लावून बघितलासुद्धा नाही.

सकाळी कोर्टात आले तर ते दोघं फाटकातून आत येत होते. पहाटेच्या एसटीनं निघाले असणार. मास्तर घोंगड्यात गुंडाळलेले, पक्षकारानं त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

अजूनही वेळ गेली नव्हती. अलिप्त असलो तरी बाहेरगावचा म्हातारा साक्षीदार आला असेल तर अध्यक्षांच्या कानावर घालून त्याची साक्ष घेता यायची. तसं झालेलं होतं. एका वाक्याचं काम. पण गेलेले वकील म्हणजे अध्यक्षांचे गुरू, सकाळपासून त्यांचे डोळे लाल. त्यांच्यापुढं जायचं, माझ्या पक्षकाराचं सांगायचं, मग ते विचारणार, काल कळवलं नव्हतं का? मला ते नको होतं. मी मागच्या बाजूनं महिला वकिलांच्या खोलीत गेले आणि पाण्याची बाटली घेऊन बसले. लपून बसले, असं सरळ म्हणायला हवं.

पुढचं मी ऐकलं, बघितलं नाही. पक्षकार मला शोधत बाररूमपाशी आला. मास्तरांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलेलं. त्यांचा खोकला बघून अण्णांनी त्यांना चहा मागवून दिला होता आणि शेजारी बसून गाव, मुलगा, दम्याचं औषध असं काहीबाही विचारत होते. पक्षकारानं फळा वाचला. एकदा वाचला, मग मोठ्यानं वाचला. मग ओल्या टॉवेलनं तो सगळा फळा पुसून टाकला. गेलेल्या माणसाचं नाव पुसलं गेलं, हे बाररूममधल्यांना झोंबलं. चार-पाच जण धावले. अण्णा उठून मध्ये पडले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "पावणं, बाजूला व्हा," आणि हात हिसडला. अण्णा पायरीवरून खाली पडले. मनगट मोडलं.

मी बाहेर आले तेव्हा पोलीस त्याला नेत होते. मास्तर बाकावरच बसून होते, हातात तो चहाचा कप. अण्णांनी दवाखान्यात जायच्या आधी पोलिसांना सांगितलं की माझी तक्रार नाही, म्हणून त्याला दुपारी सोडून दिलं. दोघं कुठल्या गाडीनं परत गेले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. बाररूम गच्च भरलेली. असा ओरडा मी आधी ऐकला नव्हता. म्हातारा वकील पाडला, शोकाचा फळा पुसला, उद्या कुणीही उठेल आणि आपल्या अंगावर येईल. ठराव मांडला गेला की या माणसाचं वकीलपत्र संघटनेचा कुणीही सदस्य स्वीकारणार नाही. मी वही उघडून लिहीत होते. अण्णा हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत बसले होते. ते सावकाश उठले आणि म्हणाले की एक गोष्ट विचारायची आहे. "काल काम होणार नाही, हे त्या माणसाला आधी कळवलं होतं का?"

सगळे माझ्याकडं वळले. पक्षकार माझा, हे सगळ्यांना माहीत होतं. मान वर केली तेव्हा माझ्यासमोर पन्नास-साठ काळे कोट होते, आणि ते सगळे माझे होते. काचेखालच्या माझ्या चिठ्ठ्या उचलणारे.

मी म्हणाले, "कळवलं होतं. आदल्या दिवशी फोन केला होता. दुकानात निरोप ठेवला होता."

एवढं सफाईदार खोटं मी कुठल्याही कोर्टात बोलले नसेन. फोन लागला नाही म्हणाले असते तरी भागलं असतं. पण निरोप ठेवला म्हटल्यावर सगळं कसं नीट बसलं : म्हणजे त्याला माहीत होतं, म्हणजे तो मुद्दाम दंगा करायला आला. अध्यक्ष म्हणाले, हे इतिवृत्तात घ्या. अण्णा माझ्याकडं क्षणभर बघत राहिले आणि काही न बोलता बसले. मी लिहिलं : 'पक्षकारास दूरध्वनीवरून पूर्वसूचना देण्यात आली होती.' अक्षर छान आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि त्या वाक्यासकट त्याची एक प्रत, माझ्याच हातची, बाहेर सूचनाफलकावर लागली.

मी त्याचं वकीलपत्र सोडलं. कोर्टात अर्ज दिला आणि त्याची फाईल पोस्टानं घरी पाठवून दिली. समोर बोलावून देण्याची हिंमत नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी मास्तर गेले. हे मला कसं कळलं ते सांगते. दिवाळीनंतर एका सकाळी बाररूममध्ये आले तर टेबलाभोवती दोघं-तिघं उभे, पण कुणी बसत नव्हतं. काचेखाली एक वहीचं पान सरकवलेलं होतं. पक्षकारानं आमची पद्धत कधीतरी पाहिली असणार. आपल्याला वकील मिळत नाही म्हणून त्यानं चिठ्ठीच ठेवली होती. वर दाव्याचा नंबर आणि कोर्ट, खाली लिहिलं होतं : 'आमचे साक्षीदार मास्तर वारले. आता काय करायचे आम्हास समजत नाही. कोणीतरी उभे राहावे ही विनंती.'

त्या काचेखाली आलेली आणि कुणी न उचललेली ती एकच चिठ्ठी. ज्यानं त्यानं वाचली, आणि ज्याला त्याला काहीतरी काम आठवलं. वाईट माणसं नव्हती ती. ठराव होता, आणि ठरावापलीकडं त्यांना एवढंच माहीत होतं की या माणसाला निरोप मिळाला होता.

काय करायचं ते मला माहीत होतं. दोन्ही साक्षीदार मेले तर मृत्युपत्र मरत नाही. त्यांची सही ओळखणारा माणूस आणायचा, मृत्युपत्र करणारीचं अक्षर ओळखणारा आणायचा, आणि तसा अर्ज द्यायचा. मास्तरांचा मुलगा घरात होता, बापाची सही त्यानं जन्मभर पाहिलेली. एका पानाचा अर्ज. तो मी झोपेतसुद्धा लिहिला असता. मी काचेखाली बोटं घातली, ती चिठ्ठी काढली, डायरीत ठेवली आणि माझ्या कामाला गेले. पाठीमागं कुणीतरी म्हणालं की बरं केलं, उगाच बघवत नव्हतं.

त्या दिवशी तो एकटा कोर्टापुढं उभा राहिला. काय बोलला असेल मला कल्पना आहे; मोठ्यानं बोलला असेल. दावा पुढच्या उन्हाळ्यात फेटाळला. अपील करायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतर मी पक्षकारांना फोन करायला लागले. इतके, की माझी चेष्टा व्हायची. 'मॅडम, पाऊस पडणार आहे हेही कळवता काय?' म्हणायचे. मोबाइल आल्यावर तर विचारू नका. पण शंभर फोन केल्यानं तो एक केला असं होत नाही. बार मला आणखीच जवळ करत गेला. महापूर आला तेव्हा बारनं पाण्यात अडकलेल्या लोकांसाठी बाररूम उघडली, त्यांतल्या बायकांची व्यवस्था माझ्याकडं. खेड्यांतल्या कायदेविषयक शिबिरांना मी हजर. लोक म्हणायचे, बाईंना गरिबांची कळकळ आहे. मी ऐकून घ्यायची. अशा वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटतं, पण जमीनही सगळ्यांना घेत नाही.

दोन हजार सालाच्या पुढं पाच-सहा वर्षांनी अण्णांना अर्धांगवायू झाला. जयसिंगपूरला घरीच पडून होते. आमच्या बारची एक चाल अशी की अंथरुणाला खिळलेल्या वकिलाकडं दर रविवारी दोघांनी जायचं आणि आठवड्याभराच्या कोर्टातल्या गमती सांगून यायचं. कोण न्यायाधीश बदलला, कुणाची उलटतपासणी अंगलट आली, असलं. पाळ्या लावलेल्या असायच्या. एका रविवारी माझ्या जोडीदाराला ताप आला आणि मी एकटीच गेले.

अण्णांचं बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. मी बदल्यांच्या बातम्या सांगत होते. त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "अव्वा, त्या दिवशी संध्याकाळी मी त्या दुकानात फोन केला होता."

कुठलं दुकान, असं मी विचारलं नाही.

चहा पिताना मास्तरांनीच त्यांना नंबर दिला होता. हाताला प्लॅस्टर घालून घरी आल्यावर अण्णांनी आधी तो फोन लावला, म्हातारा नीट पोचला का विचारायला. पहिल्याच झटक्यात लागला. दुकानदारानं सांगितलं की पोचले, पण कसा खेळ झाला बघा, आम्हाला कुणी कळवलं असतं तर पाठवलंच नसतं.

म्हणजे सभेत त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी तेवढंच म्हणाले.

"व्हय. मला वाटलं, तू सांगशील."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी छताकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझं पोर लहान. बोललो असतो तर तुला कोर्टात तोंड दाखवता आलं नसतं. आपल्या माणसाला सांभाळायचं, ही सवय. पण मोडलेला हात माझा होता, अव्वा. त्याच्या बाजूनं मी बोललो असतो तर सगळ्यांनी ऐकलं असतं. त्या दिवशी मी त्याचा वकील व्हायला पाहिजे होतो. तुझा झालो."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला सहन झाला नाही. मला तेव्हा कुणीतरी हाकलून द्यायला हवं होतं. इतकी वर्षं माझी चोरी ज्या माणसाला ठाऊक होती, त्यानंच मला पुस्तकं दिली, दावे दिले, निवडणुकीत माझं नाव सुचवलं.

महिन्याभरात अण्णा गेले. आता फळा जाऊन छापील कापडी बॅनर आला होता, पण नवे सचिव म्हणाले, अण्णांचा फळा तुम्हीच लिहायचा मॅडम, त्यांना तुमचं अक्षर आवडायचं. अडगळीतून फळा काढला. मी लिहिलं. 'आज वकील मंडळी कामकाजापासून अलिप्त राहतील.' मग दुसऱ्या दिवशीच्या माझ्या सगळ्या पक्षकारांना फोन केले, आणि सचिवांना बाजूला घेऊन जुन्या इतिवृत्तातलं ते वाक्य खोटं आहे, ते दुरुस्त करायचं आहे, असं सांगितलं. का, तेही सांगितलं.

पोरगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला की मॅडम, सोडा की आता, कोण वाचतंय त्या वह्या? तुमच्यावर काही येऊ देणार नाही आम्ही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि राग करायचा मला काहीच हक्क नव्हता. बार मला पुन्हा सांभाळत होता.

घरी आले. वकील जुन्या डायऱ्या टाकत नाहीत. माळ्यावरून त्या वर्षाची काढली. त्या तारखेच्या आदल्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'चंदगड – फोन करणे', पुढं दुकानाचा नंबर. झालेल्या कामापुढं मी बरोबरची खूण करते. त्या पानावर पाच कामं होती आणि चार खुणा. पानात ती वहीच्या कागदावरची चिठ्ठी होती, घडी तशीच.

मधल्या काळात टेलिफोन खात्यानं सगळ्या नंबरांपुढं दोनचा आकडा लावला होता. तो लावून मी नंबर फिरवला. लागला. पहिल्याच झटक्यात.

पलीकडून म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा आवाज. मी पक्षकाराचं नाव घेऊन विचारलं की त्यांना बोलावता येईल का. तो म्हणाला, "त्यो आमच्या दुकानात येत न्हाई, बाई. लई वर्सं झाली."

का, असं मी विचारलं.

"एका वकीलबाईनं हितं फोन करून निरोप ठेवला हुता म्हनं. म्या त्येला सांगितला न्हाई. कोर्टात तसं लिवून लावलंय, म्हनला. माझ्यामुळं मास्तरला पावसात न्हेलं, माझ्यामुळं घर गेलं, पोरीचं शिक्षान ऱ्हायलं. फोन आलाच नव्हता की बाई. पर लिवल्यालं खरं, का माझं खरं?"

म्हणजे माझ्या खोट्याची किंमत दुसऱ्याच कुणाला चुकवायला लागली होती. मी ज्या वेळी सभेत ते वाक्य बोलले, त्या वेळी निरोप ठेवायचा तर तो कुणापाशी तरी ठेवायला हवा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुकान म्हणाले तेव्हा दुकानात माणूस असतो हे मला आठवलंही नाही.

मी म्हणाले, "ती वकीलबाई मीच. मी फोन केला नव्हता. तुम्ही खरं बोलत होता."

रिसीव्हर लाकडी फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्यानं हाक मारली, पक्षकाराच्या नावानं. इतक्या वर्षांत ती हाक त्यानं मारली नसणार. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज चिरकला. बराच वेळ गेला. मग चपला वाजल्या आणि फोनवर तोच मोठा, तोडून टाकणारा आवाज आला, "कोन हाय?"

मी नाव सांगितलं आणि सगळं सांगितलं. फोन, महिलांची खोली, सभेतलं वाक्य, चिठ्ठी. एकाही ठिकाणी स्वतःची बाजू घेतली नाही, निदान तसा प्रयत्न केला. मी थांबल्यावर तो म्हणाला, "मास्तर मरताना म्हनलं हुतं, दुकानदार खोटं बोलनारा मानूस न्हाई. म्या त्येंचं ऐकलं न्हाई. लिवल्यालं बघितलं हुतं."

मग रिसीव्हर पुन्हा फळीवर ठेवला गेला. फोन बंद केला नव्हता, त्यामुळं मला दुकानातलं ऐकू येत होतं. कुणीतरी डबा उघडला, परत लावला. मग दुकानदाराचा आवाज आला, "बस. च्या सांगतो."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मला कुणी काही म्हणालं नाही. शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. थोडा वेळ मी कान लावून बसले, आणि मग मीच फोन ठेवला.